आलिशान सदनिका विकणे आहे

‘शांत व प्रतिष्ठित वस्तीत आलिशान सदनिका विकणे आहे. तीन शयनगृहे, लिफ्ट, पार्किंग. प्रत्यक्ष भेटा.’

गेल्या दिवाळीच्या सुमारास या तीन वाक्यांनी आमच्या घरात जेवढा गोंधळ घातला, तेवढा ताईच्या लग्नातही झाला नव्हता. दादा नागपूरला नोकरीला आहे. शहराच्या एका टोकाला दोन खोल्यांत तो, वहिनी आणि त्यांची मुलगी राहतात. मुलीची शाळा दुसऱ्या टोकाला. जाहिरात त्यानेच आणली होती. सदनिका सिव्हिल लाईन्समधली, म्हणजे ज्या भागातून एस.टी. वळली तरी आमची आई पदर नीट करून बसते त्या भागातली! पैसे कुठून येणार, हा प्रश्न दादाने आधीच सोडवून ठेवला होता. भंडारा रोडला लागून आमची अडीच एकर धानाची जमीन आहे. त्या रस्त्यावर गोदामे आणि धाबे आल्यापासून तिला असा भाव येतो की तो आकडा मी इथे लिहिला तर घरचे रागावतील. ती अडीच एकर विकायची, उरलेले कर्ज काढायचे आणि सदनिका घ्यायची, असा बेत होता.

बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना एवढेच म्हणाले, “फ्लॅट घेतो म्हनतेस, बरं हाय. पन त्यात जागा कोनती आपली?”

या प्रश्नाचे उत्तर दादाला देता आले नाही आणि कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मलाही देता आले नाही. जमीन वडिलोपार्जित आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अशा मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यामुळे खरेदीखतावर ताईची आणि माझीही सही लागणार होती. सही करायची तर कशासाठी करतो आहोत हे तरी कळावे, म्हणून मी शोध घेऊ लागले. त्या शोधात जे समजले ते आपल्यापुढे मांडत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

आम्ही चौघे, बाबा, आई, दादा आणि मी, एका रविवारी सदनिका पाहायला गेलो. कन्हानचा पूल ओलांडून तासाभरात नागपूर. सिव्हिल लाईन्स ही वस्ती कशी जन्मली हे समजल्याशिवाय तिचा भावही समजत नाही. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. महाल, इतवारी ही जुनी नगरी पूर्वेला दाटीवाटीने नांदत होती. साहेबाने तिच्यापासून दूर, सीताबर्डीच्या पलीकडे, आपल्या अधिकाऱ्यांसाठी प्रशस्त आवारांचे बंगले बांधले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि एका आवारात एकच कुटुंब अशी ती रचना होती. पुढे तिथेच विधान भवन आले, उच्च न्यायालय आले, सरकारी निवासस्थाने आली. आज तिथल्या ज्या शांततेची जाहिरात होते, ती अशी सत्तेने आखलेली शांतता आहे. अर्थात हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडून! १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास अधिवेशन भरते, मोर्चे येतात, रस्तोरस्ती पोलिसांचे कठडे लागतात, आणि त्या दिवसांत आमचे मौदा सिव्हिल लाईन्सपेक्षा शांत असते.

इमारत सोळा वर्षांची आणि पाच मजल्यांची होती, पण रंगरंगोटी ताजी. दलाल फाटकाशीच उभा होता. “या काकाजी,” म्हणत त्याने बाबांना लिफ्टमध्ये घेतले. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीतून शेजारच्या जुन्या बंगल्याची चिंचेची आणि कडुनिंबाची झाडे दिसत होती. आईने स्वयंपाकघर पाहिले, नळ सोडून पाहिला आणि हळूच मला विचारले, “इथं वड्या-पापड कुठं वाळवाचे?” दलाल म्हणाला, “काकू, गच्ची आहे ना, कॉमन.” या ‘कॉमन’ शब्दात काय काय दडले आहे ते पुढे कळले.

बाबांनी घरून टेप आणला होता. दलाल हसला, पण बाबांनी दादाला एक टोक धरायला लावून खोलीमागून खोली मोजली आणि मी वहीत आकडे मांडले. जाहिरातीच्या कागदावर १,७५० चौरस फूट होते. आमची बेरीज १,२४० आली. आतल्या भिंतींची जाडी धरली तर फार तर आणखी तीस-चाळीस फूट. मग उरलेले पाचशे फूट गेले कुठे?

याचे उत्तर असे. सदनिकेचे क्षेत्र तीन प्रकारे सांगितले जाते. पहिले चटई क्षेत्र, म्हणजे ज्यावर चटई अंथरता येईल असा आतला वापराचा भाग. दुसरे बांधीव क्षेत्र, ज्यात बाहेरच्या भिंतींची जाडी व बाल्कनी येते. तिसरे ते प्रसिद्ध ‘सुपर बिल्ट-अप’. त्यात जिना, लिफ्ट, पहारेकऱ्याची खोली, बोळ अशा सामाईक जागांचा वाटा प्रत्येक सदनिकेवर चढवतात. किती चढवायचा याला ठराविक माप नाही. म्हणून दोन इमारतींतल्या ‘१,७५०’ फुटांच्या दोन सदनिका आतून वेगवेगळ्या मापाच्या निघू शकतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण ‘रेरा’ म्हणतात, यावर उपाय केला. त्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. बिल्डरने हेच क्षेत्र सांगितले पाहिजे. बाबांचा टेप नकळत कायद्याच्याच बाजूने चालला होता.

“सगळं रेरामध्ये आहे, काकाजी,” दलालाने ठासून सांगितले. घरी येऊन मी पाहिले तेव्हा कळले की ते तसे असणे अवघडच होते. महाराष्ट्रात हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आला आणि ज्या बांधकामांना तोवर पूर्णत्वाचा दाखला मिळाला नव्हता, अशांनाच नोंदणी बंधनकारक झाली. ही इमारत त्याच्या कितीतरी आधी पुरी झालेली. नव्या प्रकल्पात रेराचे संरक्षण मोठे आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि बांधणीत दोष निघाला तर ताबा दिल्यापासून पाच वर्षे त्याची जबाबदारी राहते. पण एका माणसाने वापरलेली सदनिका दुसऱ्याने घेताना यातले काहीच आपोआप मदतीला येत नाही. तिथे जुनेच कायदे आणि आपली सावधगिरी.

आता बाबांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. जागा कोणती आपली?

आपल्याकडे मालमत्ता म्हणजे सातबारा. गाव नमुना सातवर जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि बारावर तिच्यात काय पिकते ते. धुऱ्यावर उभे राहिले की आपली हद्द डोळ्यांना दिसते. सदनिकेचे तसे नाही. एका जमिनीवर सव्वीस कुटुंबे एकावर एक राहतात. मग जमीन कोणाची? हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तिने एक उत्तर काढले: जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे संस्थेचे भाग आणि घरात राहण्याचा हक्क. पुढे शहरे वाढली, बिल्डर आले, पैसे घेऊन ताबा न देणेही आले. तेव्हा राज्याने १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. आगाऊ रकमेपूर्वी लेखी करार, नकाशे दाखवणे आणि शेवटी जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून देणे, ही बिल्डरची कर्तव्ये ठरली. अनेक बिल्डरांनी शेवटचे कर्तव्य पाळलेच नाही, म्हणून २००८ साली दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय झाली. बिल्डर आला नाही तरी सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावे होऊ शकते.

दुसरे उत्तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने दिले, आणि नागपुरात या पद्धतीच्या इमारती पुष्कळ आहेत. यात सदनिका थेट खरेदीदाराच्या मालकीची होते आणि जमीन, जिना, गच्ची अशा सामाईक गोष्टींत प्रत्येकाचा ठराविक टक्के अविभक्त हिस्सा असतो. अविभक्त म्हणजे तो वेगळा मोजून काढता येत नाही, कुंपण घालता येत नाही, एकट्याने विकता येत नाही. सदनिका जाईल तिच्याबरोबरच तो जातो.

दादाने आणलेल्या जुन्या खरेदीखतात हा हिस्सा ३.८५ टक्के लिहिला होता. भूखंड १,४०० चौरस मीटरचा. मी हिशेब केला: १,४०० चे ३.८५ टक्के म्हणजे ५३.९ चौरस मीटर, म्हणजेच सुमारे ५८० चौरस फूट. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, तेव्हा आमची अडीच एकर म्हणजे १,०८,९०० चौरस फूट. हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि ती वही दादाला दाखवावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटी दाखवली. तो रागावला नाही. म्हणाला, “अगं, मी जमीन नाही घेत आहे. मी रस्ता, शाळा, दवाखाना घेतो आहे. धुऱ्यावर बसून माझ्या पोरीची शाळा होणार आहे का?” त्याचे म्हणणे चूक आहे असे मला आजही वाटत नाही.

पण ५८० फुटांचीही एक गोष्ट होती. आमच्याकडे जसा सातबारा, तशी विदर्भातील शहरांत आखीव पत्रिका असते. तिच्यावर सत्ता प्रकार नावाचा रकाना असतो आणि तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमच्या ओळखीच्या वकील मावशींनी बजावले होते. तिथे कळले की भूखंड नझूलचा आहे. नझूल म्हणजे शहरातील सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली जमीन. सिव्हिल लाईन्ससारख्या जुन्या भागांत अशी जमीन बरीच आहे. तसे असणे हा गुन्हा नव्हे. पट्ट्याचे नूतनीकरण होते, आणि अलीकडच्या वर्षांत ठराविक रक्कम भरून अशी निवासी जमीन पूर्ण मालकीची करून घेण्याची सोयही शासनाने केली आहे. प्रश्न एवढाच की या इमारतीच्या पट्ट्याची मुदत संपलेली होती आणि नूतनीकरणाचा कागद कोणाकडेच नव्हता. विकणारा म्हणाला बिल्डरकडे आहे, बिल्डर म्हणाला रहिवाशांच्या मंडळाकडे आहे, मंडळाचे सचिव म्हणाले अर्ज केलेला आहे.

पार्किंगचेही तसेच. ‘पार्किंग क्र. ९’ असे एका साध्या पत्रावर लिहून दिलेले होते आणि त्याची वेगळी किंमत मागितली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की उघडी किंवा खांबांमधली पार्किंगची जागा ही सामाईक असते, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. हे मी दलालाला फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुम्ही वकिली करता का?” मी म्हटले, “नाही, राज्यशास्त्र.”

आता राहिला जाहिरातीतला पहिला शब्द, ‘शांत’. सदनिकेच्या भावात सर्वांत मोठा वाटा याच शब्दाचा आहे. अन्यथा तेवढ्याच विटा-सिमेंटची सदनिका शहराच्या दुसऱ्या टोकाला कितीतरी स्वस्त मिळते. शांततेला कायद्यात माप आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळे, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर करता येते, तिथे ती ५० आणि ४० इतकी खाली येते. पण हे माप सर्व निवासी वस्त्यांना सारखेच आहे. प्रतिष्ठित वस्तीसाठी जादा पैसे मोजले म्हणून जादा शांततेचा हक्क मिळत नाही.

मग ती शांतता येते कुठून? हे मला बाबांच्या एका प्रश्नाने दाखवले. दिवाणखान्याच्या खिडकीत उभे राहून, समोरच्या झाडांकडे पाहत त्यांनी दलालाला विचारले होते, “भाऊ, हा बंगला उद्या विकला तं?”

दलालाने विषय बदलला होता. खरे उत्तर असे आहे की ही शांतता सदनिकेची नव्हेच, ती शेजारच्या बंगल्याची आहे. एका मोठ्या आवारात एक कुटुंब राहते, म्हणून तिथे झाडे आहेत, सावली आहे, गाड्या कमी आहेत. आपल्या भूखंडावरही कधी असाच बंगला होता. तो पाडून सव्वीस सदनिका झाल्या. कोणत्या भूखंडावर किती बांधता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकावर ठरते. निर्देशांक १ असेल तर १,४०० मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १,४०० मीटर बांधकाम, २ असेल तर दुप्पट. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हा निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीनुसार वाढत जातो. म्हणजे साहेबाने बंगल्यांसाठी रुंद रस्ते आखले, आणि आज त्याच रुंद रस्त्यांमुळे बंगल्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू शकतात. प्रत्येक नवी इमारत शेजारच्या मोकळेपणाची जाहिरात करते आणि स्वतः उभी राहून दुसऱ्याचा मोकळेपणा घेते.

खिडकीसमोर काही उभे राहिले तर तक्रार करता येते का? १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा मुळात ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यात आपला मध्य प्रांत होता. त्याप्रमाणे वीस वर्षे अखंड व निर्वेधपणे मिळालेल्या उजेड-वाऱ्याबद्दल हक्क सांगता येतो. पण खिडकीतून दिसणाऱ्या चिंचेवर हक्क सांगता येत नाही. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. मात्र परवानगी मिळू शकते हेही त्याच वाक्यात आले.

एवंच, आलिशान सदनिकेच्या किमतीत तीन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. भिंतींच्या आतली जागा, ही टेपने मोजता येते. जमिनीतला हिस्सा, हा कागदावर वाचता येतो. तिसरी वस्तू म्हणजे वस्तीचे वातावरण. त्यासाठी आपण पैसे सर्वांत अधिक देतो आणि कोणत्याही कागदावर ते आपल्या नावे होत नाही. पहिल्या दोन गोष्टी तरी पक्क्या असाव्यात, म्हणून वकील मावशींनी मला कागदांची जी यादी लिहून दिली ती आपल्यासाठी देते: आखीव पत्रिका व तिच्यावरील सत्ता प्रकार, पट्ट्याची जमीन असल्यास चालू मुदतीचा पट्टा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अपार्टमेंट असल्यास नोंदवलेले घोषणापत्र, संस्था असल्यास अभिहस्तांतरण, आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी व त्यांची सूची क्रमांक दोन, तीस वर्षांचा शोध अहवाल, मालमत्ता कर, वीज आणि देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचे दाखले, आणि नवा प्रकल्प असल्यास महारेराचा क्रमांक, जो दलालाच्या शब्दावर न ठेवता स्वतः पाहावा. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही लक्षात असू द्या. ही शेवटची गोष्ट मी घरी वाचून दाखवली तेव्हा वहिनी पहिल्यांदा या विषयावर हसली.

आमचे काय झाले? नूतनीकरणाचा कागद दोन महिन्यांत आला नाही आणि सदनिका दुसऱ्या कुणीतरी घेतली. दादा काही दिवस अबोल होता. आता तो मुलीच्या शाळेजवळ लहान, दोन खोल्या-स्वयंपाकघराची नवी सदनिका पाहतो आहे, कर्जाच्या हप्त्यांवर. ती घ्यायची तरी थोडी जमीन विकावी लागेलच. सगळी नाही, महामार्गाकडची एक एकर. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत आणि नाहीही म्हणालेले नाहीत. परवा मी कॉलेजला निघाले तेव्हा ते बांधीच्या धुऱ्यावर टेप घेऊन उभे होते. एक एकर नेमकी कुठवर येते ते मोजत होते. मला पाहून त्यांनी दुसरे टोक धरायला बोलावले. मी धरले.